"मोबाइलवर कुणीतरी त्रास देतंय" असं पोरानं सांगितलं, तर आई-बापांनी आधी काय करायचं?

रात्रीची लाइट आली की बाप साधा बटणाचा फोन खिशात टाकून मोटार चालू करायला शेतात जातो. आई सकाळच्या डब्याची तयारी करून आडवी होते. घरातला एकमेव स्मार्टफोन त्या वेळी नववी-दहावीतल्या पोराच्या हातात असतो. "काय बघतोस रे?" असं विचारलं की "अभ्यासाचं" असं उत्तर येतं. बऱ्याचदा ते खरंही असतं. शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप, गणिताचा व्हिडिओ, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळं त्याच फोनवर येतं. त्यामुळे "मोबाइलच देऊ नका" हा सल्ला आता कुणाच्याच घरात टिकत नाही.

ग्रामीण भागातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालात २०२४ साली १४ ते १६ वर्षांच्या मुलांना मोबाइलबद्दल सविस्तर विचारलं गेलं. देशभरातल्या या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरल्याचं ५७ टक्के मुलांनी सांगितलं, तर सोशल मीडियासाठी वापरल्याचं ७६ टक्के मुलांनी. सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलांपैकी ६२ टक्के मुलांना त्रास देणाऱ्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे माहीत होतं. म्हणजे दर दहातल्या जवळपास चार पोरांना तेही माहीत नव्हतं.

पण ब्लॉकचं बटण माहीत नसणं ही अर्धीच अडचण आहे. खरी अडचण वेगळीच आहे. त्रास सुरू झाल्यावर पोरं घरी सांगत नाहीत.

पोरं गप्प का बसतात?

समजा, दहावीतल्या एका पोराला इन्स्टाग्रामवर एका मुलीच्या नावानं रिक्वेस्ट आली. फोटो छान, बोलणं गोड. आठ दिवस "जेवलास का, अभ्यास झाला का" चाललं. मग समोरून एक खासगी फोटो आला आणि "आता तुझा पाठव" अशी मागणी आली. पोरानं पाठवला. पाच मिनिटांत सूर बदलला. "पाच हजार टाक, नाहीतर तुझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकतो." समोर मुलगी नव्हतीच. कुठल्या तरी शहरात बसलेली टोळी होती आणि पोराच्या मित्रांची यादी तिनं आधीच उतरवून घेतली होती.

आता हे पोर कुणाला सांगणार? बापाला सांगितलं तर मार बसेल, मोबाइल जाईल. शाळेत सांगितलं तर बोभाटा होईल. तेच मुलीच्या बाबतीत घडलं तर भीती आणखी मोठी असते. आपली शाळाच बंद करतील, लवकर लग्न लावून टाकतील, हे तिला माहीत असतं. आजूबाजूला तिनं ते पाहिलेलं असतं. मग ती गप्प राहते आणि आईच्या फोनवरून गुपचूप पैसे जातात. पैसे संपले की आणखी फोटोंची मागणी होते.

धमकी देणाऱ्याला ही भीती पक्की ठाऊक असते. "घरी सांगितलंस तर बघ" हे त्याचं पहिलं वाक्य असतं, कारण घरी कळलं की त्याचा धंदा बसतो. म्हणून सायबर सुरक्षेची पहिली पायरी मोबाइलमध्ये शोधायची नाही. "काहीही झालं, अगदी चूक तुझी असली तरी आधी मला सांग, मी मारणार नाही आणि शाळा बंद करणार नाही," हे आई-बापांनी काही घडायच्या आधीच पोराला सांगून ठेवायला हवं. आणि दिलेला शब्द वेळ आल्यावर पाळायला हवा.

जाळं कुठून टाकलं जातं?

गेममधली गप्पांची खिडकी: बऱ्याच मोबाइल गेममध्ये अनोळखी माणसाशी बोलता येतं, लिहिताही येतं. "फुकट डायमंड देतो, ही लिंक उघड", "तुझा आयडी आणि पासवर्ड दे, लेव्हल वाढवून देतो" असं सांगून आधी खातं हडपतात, मग ओटीपी मागतात. गेममध्ये भेटलेला 'दादा' किती वर्षांचा आहे, हे पोराला कळायला मार्ग नसतो.

एपीके फाइल: व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, पीएम किसानची यादी किंवा गाडीच्या दंडाचं चलन म्हणून एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप असतं. ते चालू केलं की बापाच्या फोनवर येणारे ओटीपी चोरट्याला दिसू शकतात. घरात "हे काय आलंय बघ रे" म्हणून फोन पोराच्याच हातात दिला जातो आणि बटण पोराकडूनच दाबलं जातं. ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून आलेली फाइलही उघडू नये, कारण त्याचाही फोन आधीच हॅक झालेला असू शकतो.

पैशाचे खेळ: पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. तरी टेलिग्रामच्या ग्रुपवरून आणि अनोळखी लिंकवरून असली ॲप येतात. सुरुवातीला पन्नास-शंभर रुपये जिंकू दिले जातात. नंतर दूधबिलाचे पैसे जातात.

खातं भाड्यानं देणं: अकरावी-बारावीच्या किंवा आयटीआयच्या पोरांना "तुझं बँक खातं आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला कमिशन मिळेल" असं कुणीतरी सांगतं. त्या खात्यावर फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. तपास सुरू झाला की पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात.

बनवलेला फोटो: काही वेळा मुलीनं कसलाही फोटो पाठवलेला नसतो. गॅदरिंगचा किंवा डीपीचा साधा फोटो घेऊन एआयच्या ॲपनं अश्लील फोटो तयार केला जातो. अशा वेळी "तूच काहीतरी केलं असशील" हे घरातलं वाक्य त्या मुलीला सगळ्यात जास्त लागतं.

मोबाइलमध्ये आधी करून ठेवायची कामं

ही कामं अर्ध्या तासाची आहेत. पोराला शेजारी बसवूनच करावीत. लपून केलेली सेटिंग पोरं शोधून काढतात आणि विश्वासही जातो.

पहिलं काम पैशाचं. खेड्यात घरातला बँकेचा कारकून म्हणजे शाळेत जाणारं पोरच असतं. आजीची पेन्शन तेच बघतं, रिचार्ज तेच मारतं, बापाचा यूपीआय पिनही त्यालाच पाठ असतो. तो पिन बदलून स्वतःकडे ठेवावा. जन्मसाल किंवा गाडीचा नंबर पिन म्हणून ठेवू नये. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, हे घरातल्या सगळ्यांना सांगावं. यूपीआय लाइट चालू असेल तर छोट्या रकमा पिनशिवाय जातात, तेही तपासावं.

दुसरं काम प्ले स्टोअरचं. प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या गोल चित्रावर दाबावं. सेटिंग्जमध्ये जाऊन 'कुटुंब' आणि मग 'पालक नियंत्रणे' निवडावं. तिथं वेगळा पिन ठेवून पोराच्या वयाला चालतील एवढीच ॲप दिसतील असं करता येतं. खरेदीच्या वेळी दर वेळी पासवर्ड मागितला जाईल, अशीही सोय तिथल्याच सेटिंग्जमध्ये आहे.

तिसरं यूट्यूब. सेटिंग्जमध्ये 'मर्यादित मोड' आहे. तो चालू केला की बरेच अश्लील आणि हिंसक व्हिडिओ गाळले जातात. सगळेच गाळले जातील याची खात्री नाही, पण फरक पडतो. लहान मुलांसाठी 'यूट्यूब किड्स' हे वेगळं ॲप बरं.

चौथं, पोराला स्वतःचा फोन दिला असेल तर गुगलचं 'फॅमिली लिंक' हे ॲप फुकट मिळतं. पोरानं कुठलं ॲप घ्यायचं याची परवानगी बापाच्या फोनवर मागितली जाते. रात्री ठरावीक वेळेला फोन कुलूपबंद करता येतो. ऊसतोडीला जाताना पोरं आजी-आजोबांकडे ठेवणाऱ्या आई-बापांना हे जास्त उपयोगाचं आहे, कारण शेकडो किलोमीटरवरूनही ते चालतं. फक्त दोन्ही फोनवर इंटरनेट लागतं.

पाचवं, इन्स्टाग्राम. तिथं आणि व्हॉट्सॲपवर खातं उघडायला किमान वय १३ आहे. १८ वर्षांखालच्या मुलांची इन्स्टाग्राम खाती आता आपोआप 'टीन अकाउंट' होतात. खातं खासगी राहतं आणि अनोळखी माणसाला सरळ मेसेज करता येत नाही. १६ वर्षांखालच्या मुलाला ही बंधनं सैल करायची असतील तर पालकाची परवानगी लागते. पण बरीच पोरं खातं उघडताना वय वाढवून टाकतात. जन्मतारीख खोटी टाकली की कंपनीच्या लेखी ते पोर मोठं माणूस ठरतं आणि हे संरक्षण मिळत नाही. म्हणून पालकांनी खात्यावरची जन्मतारीख एकदा बघावी.

सहावं, व्हॉट्सॲप. सेटिंग्जमधल्या 'गोपनीयता' या भागात जाऊन 'ग्रुप' समोर 'माझे संपर्क' निवडावं. मग अनोळखी माणूस पोराला सरळ कुठल्याही ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. अनोळखी नंबरावरून येणारे कॉल गप्प करायची सोयही त्याच भागात आहे.

पोरानं सांगितलं, आता काय?

आधी एक वाक्य बोलायचं: "बरं झालं सांगितलंस." चौकशी नंतर. फोन आपटायचा नाही, हात उगारायचा नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करायचं नाही. त्या रात्री पोराला एकटं झोपू देऊ नये. घाबरलेलं पोर जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा विचार करू शकतं, हे लक्षात ठेवावं.

पैसे पाठवायचे नाहीत. एकदा पैसे गेले की हे घर देतंय एवढंच समोरच्याला कळतं. मग दुसरी मागणी पहिल्यापेक्षा मोठी येते.

काहीही पुसायचं नाही. लाज वाटते म्हणून पहिल्यांदा चॅटच डिलीट केली जाते आणि पुरावा जातो. धमकीच्या मेसेजचे, समोरच्याच्या प्रोफाइलचे, नंबरचे, पैसे मागितलेल्या यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह घ्यावेत. त्यानंतर ब्लॉक आणि रिपोर्ट करावं. पोराचा खासगी फोटो मात्र "हे बघा, असं झालंय" म्हणून मामाला, सरांना किंवा पोलीस पाटलांनाही पाठवू नये. फोन आहे तसा, लवकरात लवकर पोलिसांकडे न्यावा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या नंबरवर फोन करावा. सकाळ व्हायची, बँक उघडायची वाट बघू नये. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. फोन करताना खाते नंबर, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर जवळ ठेवावा. बँकेलाही कळवावं.

पैसे गेले नसतील, पण धमकी किंवा छळ चालू असेल, तर केंद्र सरकारच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा भाग आहे. लहान मुलांच्या अश्लील साहित्याची माहिती तिथं स्वतःचं नाव न सांगताही देता येते. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर चोवीस तास आणि फुकट चालतो. त्यावर पोर स्वतःही फोन करू शकतं. जिवाला धोका वाटला तर ११२.

फोटो इंटरनेटवर पसरेल अशी भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही फुकट सेवा आहे. १८ वर्षांखालच्या वयात काढलेल्या खासगी फोटोसाठी ती चालते. फोटो कुठंही पाठवावा लागत नाही. फोनमधल्या फोटोचा फक्त एक अंकी ठसा तयार होतो. फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो शोधून काढून टाकतात. व्हॉट्सॲपच्या बंद चॅटमध्ये मात्र त्याचा उपयोग होत नाही.

"गावातच मिटवून टाकू" का चालत नाही?

प्रकरण गावातल्याच पोराचं निघालं की चार जाणती माणसं बसतात. माफी मागायला लावतात, फोटो डिलीट करायला लावतात आणि विषय संपला म्हणतात. पण फोटो तोवर किती फोनमध्ये गेला, हे बैठकीत कुणालाच माहीत नसतं.

कायदाही याला परवानगी देत नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुला-मुलीला लागू आहे. मुलाला अश्लील मेसेज पाठवणं, ऑनलाइन सतत पाठलाग करणं, त्याचे तसले फोटो टाकायची धमकी देणं हे त्यात गुन्हे आहेत. असा गुन्हा घडल्याचं माहीत असलेल्या कुणीही तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही शिक्षा मुलांना लागू नाही. मोठ्या माणसांना लागू आहे.

पोलीस ठाण्याची भीती वाटणाऱ्यांनी याच कायद्यातल्या इतर गोष्टीही माहीत करून घ्याव्यात. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घेता येतो. शक्यतो फौजदार दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं तो घ्यावा, अधिकारी गणवेशात नसावा आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये, असं कायदा सांगतो. मुलाचं नाव, फोटो, शाळा, घर छापायला किंवा दाखवायला माध्यमांना मनाई आहे. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी जवळच्या ठाण्यात तक्रार घेतली जाते, नंतर ती तिकडे वर्ग होते.

आता दुसरी बाजू. आपलं पोर नेहमी फसवलं जाणारंच असेल असं नाही. वर्गातल्या मुलीचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर पुढं ढकलणारा पोरगाही कुणाच्या तरी घरातलाच असतो. मुलांचं अश्लील साहित्य पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पाठवणारा १८ वर्षांखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. असं साहित्य फोनमध्ये नुसतं साठवून ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. "मी काढला नाही, फक्त पुढं पाठवला" ही सबब चालत नाही. मुलींना सावध करणाऱ्या घरांनी मुलांनाही हे सांगायला हवं.

गाव काय करू शकतं?

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ साली संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. भोंगा वाजला की दीड तास घराघरांतले मोबाइल आणि टीव्ही बंद, पोरं अभ्यासाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला.

दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. सरसकट बंदीत एक धोका राहतो. पोर चोरून मोबाइल वापरत असेल आणि तिथं फसलं, तर सांगायची वाट आणखीच बंद होते, कारण आता त्याची चूक दुहेरी झालेली असते. भोंग्याच्या वाटेत मोठी माणसंही फोन खाली ठेवतात. घरात एकमेकांशी बोलायला वेळ मिळतो. आणि पोर काही सांगतं ते अशाच वेळी, जेवताना नाहीतर अंथरूण टाकताना.

त्याशिवाय गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडीताई सचिव असतात. शाळेत सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असायला हवी, असे शासनाचे आदेश आहेत. आपल्या गावातली समिती शेवटची कधी बसली, शाळेतली पेटी शेवटची कधी उघडली, हे पुढच्या ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

तोवर प्रत्येक घरात करण्यासारखं एक काम आहे. १९३०, १०९८ आणि ११२ हे तीन नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून लाइटच्या बोर्डाशेजारी, मोबाइल चार्जिंगला लावतात तिथं चिकटवावेत. कागद चिकटवताना पोराला जवळ बोलवावं, नंबर कशासाठी आहेत ते सांगावं आणि "यातला कुठलाही लावायच्या आधी मला उठवलंस तरी चालेल, रात्री दोन वाजले असले तरी" एवढं बोलून ठेवावं.